अमेरिकेत ‘अ‍ॅडल्ट अँड हायर एज्युकेशन’मध्ये मास्टर्स करावं का? कॉलेज ऑफिसच्या अनुभवाचा उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पुण्यात कॉलेजच्या ऑफिसात सहा वर्षं झाली, नवरा तिकडे एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे, तुम्ही एच-फोरवर (त्याच्या बायकोला मिळतो त्या व्हिसावर) जाणार, तर अ‍ॅडल्ट अँड हायर एज्युकेशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये मास्टर्स करण्यात अर्थ आहे का, की सगळ्या करतात तसं डेटा अ‍ॅनालिटिक्स करावं.

ताई, मी हेच केलंय म्हणून लिहितेय. ठाणे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सात वर्षं क्लार्क होते, त्यातली चार परीक्षा विभागात. आता ओहायोमधे एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचे कोर्स देणारं स्थानिक कॉलेज) अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायजर आहे. विद्यार्थ्यांना कुठले विषय घ्यायचे, पुढे काय करायचं ते सांगायचं काम. म्हणजे टेबलाच्या त्याच बाजूला, फक्त खुर्ची बरी आहे आणि जुलैत खिडकीवर हाणामारी होत नाही.

आधी व्हिसाचं सांगते कारण मी तिथेच आपटले. एच-फोरवर शिकता येतं, त्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही, आणि बऱ्याच राज्यांत ठरावीक काळ राहिलात की इन-स्टेट फी (त्या राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) पण लागू होते. पण या डिग्रीचा खरा जीव असिस्टंटशिपमध्ये आहे. युनिव्हर्सिटीच्याच एखाद्या ऑफिसात आठवड्याला साधारण २० तास काम करायचं, बदल्यात फी माफ किंवा बरीच कमी आणि वर थोडे पैसे. हे कामच पुढे रिझ्युमेवर दिसतं, डिग्री तर सगळ्यांकडे असते. आणि सरकारच्या लेखी ही नोकरी आहे, त्यामुळे नुसत्या एच-फोरवर करता येत नाही. ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, हातात असेल तर चालतं, पण तो साधारणपणे नवऱ्याचं आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर झाल्यावरच मिळतो. मला हे कोणी सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. अ‍ॅडमिशन ऑफिसात जागा मिळाली, आईने तिकडे बिल्डिंगमध्ये पेढे वाटले आणि पंधरा दिवसांनी एचआरच्या बाईंनी कागद बघून सांगितलं की सॉरी, जमणार नाही. विद्यार्थ्यांच्या एफ-वन व्हिसावर असिस्टंटशिप चालते, म्हणून मग मुंबईला येऊन बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत इंटरव्ह्यू, एफ-वनचा शिक्का, परत जाईपर्यंत ती जागा गेलेली. पहिलं वर्ष अख्खी फी खिशातून. नवरा काही बोलला नाही पण त्या वर्षी गाडी बदलायची होती ती राहिली ती राहिलीच.

दुसरं म्हणजे ही डिग्री स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) येत नाही. एफ-वनवर शिकलात तर नंतर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर नोकरी करायची मुभा, १२ महिने, बस, आयटीवाल्यांना वरचे २४ मिळतात ते इथे नाहीत. एक गोष्ट बरी, युनिव्हर्सिट्यांना एच-वन-बीची ती वर्षाला ८५ हजारांची मर्यादा लागू नाही, लॉटरी नाही, अर्ज वर्षभरात कधीही करता येतो. पण अ‍ॅडव्हायजरच्या पोस्टसाठी स्पॉन्सर करायला किती कॉलेजं तयार होतात हा भाग वेगळा, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर फीचं प्रकरण आलं. म्हणून कर्ज काढून एकट्याने येणाऱ्या मुलाला मी ही डिग्री अजिबात सुचवत नाही. तुमचं तिथलं राहणं डिग्रीवर अवलंबून नाही, एवढ्यासाठीच पुढचं लिहिते.

आता शिकवतात काय. माझं ३६ क्रेडिटचं होतं, दोन वर्षं. कॉलेजचा पैसा कुठून येतो, कायदा, विद्यार्थी कॉलेज अर्धवट का सोडतो यावरची टिंटोची थिअरी, प्रौढ माणूस कसा शिकतो यावर नोल्स. कायद्याचा पेपर मला सगळ्यात आवडला. इथे १९७४ चा फेर्पा नावाचा कायदा आहे, मुलगा कॉलेजला लागला की त्याचे मार्क त्याच्या लेखी परवानगीशिवाय (काही अपवाद सोडून) आईबापालाही सांगता येत नाहीत. आमच्याकडे बाप सरळ ऑफिसात येऊन “पोराची किती विषयांत एटीकेटी आहे बघा हो जरा” म्हणायचा आणि आम्ही रजिस्टर उघडून बोट ठेवून दाखवायचो!

मान्यतेचा विषय आला तेव्हा मी वर्गात हुशार ठरले, कारण नॅकचा (आपल्याकडे कॉलेजांना ग्रेड देणारी संस्था) एसएसआर, म्हणजे कॉलेजने स्वतःबद्दल लिहायचा रिपोर्ट, मी स्वतःच्या हातांनी भरलेला होता. इथे हे काम सरकार करत नाही, हायर लर्निंग कमिशनसारख्या खाजगी संस्था करतात, पण आधी स्वतःचा रिपोर्ट लिहायचा, मग बाहेरची टीम येणार, हे सगळं सेम. बाहेरची टीम यायच्या आदल्या दिवशी भाड्याने कुंड्या आणायची पद्धत तेवढी नव्हती.

इतिहासाच्या पेपरात जरा भांडले. प्रौढ शिक्षणाची गोष्ट तिथे १९२० च्या दशकातल्या लिंडमन या अभ्यासकापासून, मग १९४४ चं जीआय बिल, म्हणजे सैनिकांच्या शिक्षणाला पैसे देणारा कायदा, ज्यावर युद्धावरून परतलेले २२ लाख सैनिक कॉलेजात गेले, अशी सांगत होते. मी टर्म पेपर जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी काढलेल्या रात्रशाळेवर लिहिला. प्रोफेसरांनी फुले हे नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं, पण पुढच्या बॅचच्या वाचनात तो विषय घेतला त्यांनी.

आणि एक दिवस मात्र अजून डोक्यातून जात नाही. पॅट्रिशिया क्रॉस म्हणून एक बाई आहेत, त्यांनी १९८१ मध्ये मांडलंय की मोठं माणूस शिकायला येत नाही त्याला तीन प्रकारचे अडथळे असतात, एक परिस्थितीचे, दुसरे त्याच्या मनातले, तिसरे संस्थेने घातलेले. वर्गात सांगितलं की तिसऱ्याचं स्वतः बघितलेलं उदाहरण द्या. मला आमच्या ऑफिसात आलेली एक मावशी आठवली, चाळिशीची, घरकाम करणारी, बारावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरायचा होता. तिच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला नव्हता, शाळा गावाकडे. पहिल्यांदा आली तेव्हा मी म्हटलं दाखला आणा मग बघू. दुसऱ्यांदा दुपारी जेवणाच्या सुट्टीत आली. तिसऱ्यांदा दाखला घेऊन आली, नीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून, आणि तोवर मुदत संपलेली. मी मुदत संपल्याचा कागद बोटाने दाखवला आणि पुढच्याला बोलावलं. विलंब शुल्काची तारीख बाकी आहे का हे बघायलाही मी उठले नाही. वर्गात हे इंग्रजीत सांगताना माझी गाडी मध्येच अडली, कारण तो तिसरा अडथळा म्हणजे मीच होते ना.

हल्ली माझ्याकडे येणारे बरेचसे तसेच असतात. मागच्या वर्षी ५४ वर्षांचा एक माणूस आला, कारखाना बंद पडलेला, पार्किंगमध्ये गाडीत पाऊण तास बसून होता म्हणे, आत यावं की परत जावं ठरत नव्हतं. त्याला गणिताच्या प्लेसमेंट टेस्टची (कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी परीक्षा) भीती. त्याच्याबरोबर मी स्वतः टेस्टिंग सेंटरपर्यंत चालत गेले, तीन मिनिटांचा रस्ता आहे.

तर अनुभवाचा उपयोग होतो का? प्रचंड होतो, पण तो नीट लिहावा लागतो. रिझ्युमेवर ‘क्लार्क’ लिहू नका, इथे त्याचा अर्थ दुकानातला गल्ल्यावरचा माणूस असाही घेतात. किती विद्यार्थ्यांचे परीक्षा फॉर्म, रिव्हॅल्युएशन, स्कॉलरशिप, सगळं आकड्यांत लिहा. एटीकेटी म्हणजे काय हे एका वाक्यात समजावून सांगायची प्रॅक्टिस करून ठेवा, मला प्रत्येक इंटरव्ह्यूत लागली.

परत पुण्याला येऊन या डिग्रीवर प्रमोशन मिळेल अशी आशा मात्र ठेवू नका. आपल्याकडे सेवाज्येष्ठता आणि आरक्षणाची बिंदुनामावली, मास्टर्स कुठलं ते नंतर. फक्त विषयाची आवड असेल आणि जायचं लांबलं तर इग्नूचा उच्च शिक्षणातला पीजी डिप्लोमा किंवा प्रौढ शिक्षणातलं एमए आहे, खर्च अमेरिकेच्या मानाने काहीच नाही. संशोधनात जायचं असेल तर दिल्लीची नीपा ही शिक्षण नियोजन आणि प्रशासनाची संस्था.

डेटा अ‍ॅनालिटिक्सचं म्हणाल तर दोन्ही जमतं. इथे बहुतेक कॉलेजांत इन्स्टिट्यूशनल रिसर्चचं ऑफिस असतं, लहान कॉलेजात भले एकच माणूस, जे पटसंख्या, गळती, पासाचं प्रमाण असले आकडे काढून केंद्र सरकारच्या आयपेड्स नावाच्या माहिती-संकलनात भरतं. स्टॅटिस्टिक्सचे दोन-तीन कोर्स इलेक्टिव्ह म्हणून घ्या आणि असिस्टंटशिप त्या ऑफिसात मागा. ज्यांनी युनिव्हर्सिटीला पाठवायचे तक्ते रात्री दहापर्यंत बसून भरलेत त्यांना हे काम नवीन नाही. मला हे उशिरा कळलं, नाहीतर मी तिकडेच गेले असते, पगारही बरा आहे.

नवऱ्याचं आय-१४० झालंय का ते प्रश्नात लिहिलेलं नाही. ते आज त्यांना विचारा आणि इथे कॉमेंटमध्ये सांगा, त्यावरून एच-फोरवर राहायचं की एफ-वन काढायचा ते ठरेल, कॉलेज निवडणं त्याच्यानंतर.