न्यूयॉर्कच्या जुन्या को-ऑपमध्ये राहायला जाताय?

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या इमारतीतलं घर पसंत पडलं असेल, तर एक आधी समजून घ्या: को-ऑपमध्ये फ्लॅट तुमच्या नावावर होत नाही. इमारतीच्या कंपनीचे शेअर्स मिळतात आणि त्यांच्या जोरावर राहण्याचा भाडेपट्टा. आपल्या सोसायटीसारखंच वाटतं, पण इथलं बोर्ड मुलाखत घेऊन कारण न सांगता नकार देऊ शकतं. सही करण्याआधी वकिलाकडून इमारतीचे ताळेबंद आणि बोर्डाच्या बैठकांची इतिवृत्तं वाचून घ्याच. सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती दर 5 वर्षांनी तपासाव्या लागतात, आणि मोठी दुरुस्ती निघाली की जादा वर्गणी मागतात.

आता रेडिएटर, म्हणजे खोली गरम ठेवणारं लोखंडी यंत्र, कारण पहिल्या हिवाळ्यात झोप तोच उडवतो. एकाच पाइपचा, वाफेचा असेल तर खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट ठेवला की आत पाणी साचतं, वाफ त्यावर आदळते आणि रात्रभर ठणठण चालते. तरीही आवाज थांबला नाही, तर गार असताना वर स्पिरिट लेव्हल (उतार दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) ठेवा. उतार व्हॉल्व्हकडे हवा. नसेल तर दुसऱ्या टोकाच्या पायांखाली पातळ पट्टी सरकवायची. सुपर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, हे करून देतो, संकोच करू नका.

भिंती खरवडू मात्र नका. शिशाच्या रंगावर शहरात 1960 साली बंदी आली, त्याआधीचे थर खाली असतात. घरात लहान मूल असेल तर तपासणी आधी करा, सामान नंतर हलवा.