जुन्या गाडीचा 12 व्होल्टचा डायनामो बॅटरी चार्ज करत नाही. दोष डायनामोत की रेग्युलेटरमध्ये, कसं ओळखायचं?

रेग्युलेटर (डायनामोचं व्होल्टेज काबूत ठेवणारा डबा) बदलायची घाई करू नका, बऱ्याचदा तो निर्दोष असतो. आधी डायनामो फिरवणारा पट्टा पाहा. अंगठ्याने दाबल्यावर अर्ध्या इंचाहून जास्त दबला तर ताणून घ्या.

मग इंजिन बंद ठेवून डायनामोवरच्या डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) या दोन्ही वायरी काढा. ती दोन टर्मिनल छोट्या तारेने एकमेकांना जोडा आणि तिथून डायनामोच्या बॉडीपर्यंत व्होल्टमीटर लावा. गाडी सुरू करून रेस हळूहळू वाढवा. आकडा न अडखळता 20 व्होल्टकडे चढला की डायनामो ठणठणीत. तिथेच थांबा, आणखी रेस दिली तर कॉइल जळेल. जेमतेम एक व्होल्ट मिळाला तर फील्ड कॉइलवर (चुंबकत्व देणारी स्थिर गुंडाळी) संशय घ्या, चार-पाचवर अडकला तर आर्मेचरवर (आतला फिरणारा भाग). काहीच नसेल तर ब्रश (आर्मेचरला टेकणारे कार्बनचे तुकडे) बघा: झिजलेले असतात, नाहीतर कार्बनच्या भुकटीने होल्डरमध्ये अडकलेले.

डायनामो पास झाला तर वायरी परत जोडा, दिवे लावा आणि चालू इंजिनवर इंजिनचा ब्लॉक ते बॅटरीचं अर्थचं टोक यांच्यातलं व्होल्टेज मोजा. 0.2 व्होल्टहून जास्त फरक म्हणजे अर्थिंगची पट्टी गंजलीय. ती घासून, घट्ट करूनही चार्जिंग आलं नाही, तरच रेग्युलेटरचे पॉइंट (आतले उघडझाप करणारे संपर्क) तपासायला तो उघडा.