क्लॅश रोयाल या मोबाइल गेममध्ये सगळी दणकट कार्डं घेऊनही मी हरतो. डेक, म्हणजे आठ कार्डांचा संच, कसा लावू?

दणकट आहेत, पण महागही आहेत ना! गोलेम ८ एलिक्झर (कार्ड टाकायला खर्च होणारी शक्ती), पेक्का ७, मेगा नाइट ७. तिन्ही एकदम हातात आली की जास्तीत जास्त साठणाऱ्या १० एलिक्झरमध्ये काय भागणार? स्वारगेट-कात्रज बसमध्ये मी असाच सलग हरलो, वर स्टॉपही चुकला. मग सरासरी २.६ एलिक्झरचा जुना डेक धरला: हॉग रायडर, मस्केटिअर, फायरबॉल प्रत्येकी ४, कॅनन ३, लॉग आणि आइस गोलेम २-२, स्केलेटन्स आणि आइस स्पिरिट १-१. टाकलेलं कार्ड परत यायला आणखी चार कार्डं खेळावी लागतात. ती स्वस्त असली की समोरच्याचं हॉगला अडवणारं बिल्डिंग कार्ड परत येण्याआधी हॉग आपल्या हातात. मस्केटिअर मात्र जपा, उडणाऱ्यांना लांबून टिपणारी तीच एकटी.