बोर्ड गेला, असं लगेच म्हणू नका

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मदरबोर्डच मदरबोर्ड. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. घरातल्या जुन्या मशीनमध्ये तो घालायचा तर सॉकेट (प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) वेगळं, म्हणून बोर्ड वेगळा, आणि बोर्डापाठोपाठ बहुतेक वेळा रॅमही. जुनं राहतं ते कॅबिनेट, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि डिस्क. जवळजवळ प्रत्येक पत्राचा शेवट एकच: ‘ताई, बोर्ड खराब निघाला का?’ माझ्या टेबलावर ‘डेड’ म्हणून आलेले नवे बोर्ड बहुतेक वेळा एकही भाग न बदलता चालू होऊन गेलेत. तेव्हा संशयितांच्या रांगेत बोर्डाला शेवटी उभं करून ही पत्रं वाचू.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. चौथ्या पिढीच्या आय-५ चं असेंबल केलेलं मशीन होतं. भाच्याने त्याच कॅबिनेटमध्ये एच ६१० बोर्ड, आय-५ १२४०० आणि १६ जीबी डीडीआर ४ रॅम बसवून दिली. एसएसडी जुनीच. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी बोर्ड उघडतो त्या सेटिंगच्या पडद्यावर, एसएसडीचं नाव दिसतं, पण विंडोज सुरू होत नाही, मशीन फिरून बायोसमध्येच येतं. त्या एसएसडीवर गावाच्या इतिहासाची माझी सगळी टिपणं आहेत. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. बोर्ड बदलून मागू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सर, बोर्ड बदलून मागू नका आणि आजच्या आज फॉरमॅटही मारू देऊ नका. बायोसला एसएसडीचं नाव दिसतंय म्हणजे केबल, पोर्ट आणि डिस्क जागेवर आहेत. घोडं अडलंय ते मशीन सुरू होण्याच्या पद्धतीवर.

तुमचं जुनं मशीन २०१४-१५ च्या सुमाराचं असणार. तेव्हा आपल्याकडचे असेंबलवाले सर्रास ‘लेगसी’ पद्धतीने विंडोज टाकत. त्या पद्धतीत डिस्कवरच्या विभागांचा तक्ता एमबीआर प्रकारचा असतो. नव्या बोर्डाला यूईएफआय पद्धत कळते आणि त्यासाठी विंडोजला जीपीटी प्रकारचा तक्ता लागतो. मधल्या काळातल्या बोर्डांत सीएसएम नावाची सोय असे. ती चालू केली की बोर्ड जुन्यासारखा वागायचा. व्हिडिओंमधून अजूनही तोच उपाय सांगतात. तुमच्या भाच्याने तो पर्याय शोधला असेल, तर एक तर त्याला तो सापडला नसेल किंवा फिकट, दाबता न येणारा दिसला असेल. कारण इंटेलच्या ५०० मालिकेच्या चिपसेटपासून पुढे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर सीएसएम चालतच नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं तर काही बोर्ड ते चालवू देतात. पण दहा वर्षांपूर्वीचं विंडोज जिवंत ठेवायला कार्ड विकत घ्या, असं मी तरी सांगणार नाही.

आधी टिपणं. एसएसडी बाहेर काढा, साटा-टू-यूएसबी केबल घ्या (स्वस्त असते, घरात एक असावीच) आणि भाच्याच्या लॅपटॉपला जोडा. लॅपटॉपला एमबीआर डिस्क वाचायला काहीच अडचण नाही. त्या डिस्कवरून सुरू होणं ही वेगळी गोष्ट आणि तिच्यातल्या फायली उघडणं ही वेगळी. सगळं दोन ठिकाणी उतरवून घ्या. टिपणं जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टाइप केली असतील, तर त्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधले ते फॉन्टही उचलून ठेवा. नाही तर फायली उघडतील, अक्षरं मात्र गिचमिड दिसतील.

यापुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे डिस्क न पुसता एमबीआरचा तक्ता जीपीटीत बदलणं. विंडोज टाकायच्या पेनड्राइव्हवरूनच ते होतं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ १० दाबून काळी खिडकी उघडायची आणि त्यात ‘एमबीआर टू जीपीटी’ ही मायक्रोसॉफ्टचीच आज्ञा आधी ‘व्हॅलिडेट’ करून चालवायची. व्हॅलिडेट फक्त तपासतं, बदलत काही नाही. होकार आला तरच ‘कन्व्हर्ट’. पण या आज्ञेला विंडोजच्या डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी विभाग चालतात आणि एक्स्टेंडेड-लॉजिकल विभाग मुळीच चालत नाहीत. आपल्याकडे तर मशीन दिलं की सी, डी, ई, एफ असे ड्राइव्ह पाडून द्यायचे, ही असेंबलवाल्यांची जुनी खोड. सी मध्ये विंडोज, डी मध्ये फोटो, ई मध्ये गाणी. हे सगळे विभाग एकाच एसएसडीवर पाडलेले असतील, तर नकार येणार हे धरून चाला. ते दुसऱ्या हार्डडिस्कवर असतील तर काही बिघडत नाही.

दुसरी वाट म्हणजे विंडोज ११ कोरं टाकणं. टिपणं सुरक्षित झाल्यावर मी तुम्हाला हीच सुचवीन. तुमचा नवा प्रोसेसर त्यासाठी पात्र आहे. बायोसमध्ये पीटीटी नावाचा पर्याय चालू आहे ना, ते बघा. विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) इंटेलच्या बोर्डावर त्या नावाने असतं. एएमडीवाल्यांनी एफटीपीएम शोधावं. विंडोज टाकण्याआधी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून लॅनचा ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. नव्या बोर्डांचा लॅन विंडोजला कित्येकदा ओळखता येत नाही. मग इन्स्टॉलेशन इंटरनेट मागतं आणि इंटरनेटला ड्रायव्हर लागतो.

लायसन्सचं म्हणाल तर वेगळं विकत घेतलेलं रिटेल असेल, तर नव्या बोर्डावर नेता येतं. त्यासाठी ते मायक्रोसॉफ्ट खात्याशी आधीच जोडलेलं असलं की सोपं जातं. मशीनसोबत मिळालेलं ओईएम लायसन्स जुन्या बोर्डाबरोबरच गेलं. आणि ज्यांचं विंडोज दुकानदाराच्या सीडीतून आलं होतं, त्यांना मी काय सांगणार!

या निमित्ताने इतरांसाठी. ज्यांच्या चालू मशीनवर विंडोज ११ आहे आणि आता फक्त बोर्ड बदलायचा आहे, त्यांनी पहिला स्क्रू काढायच्या आधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघावं. चालू असेल तर ते तात्पुरतं थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. डिस्कच्या कुलपाची किल्ली जुन्या बोर्डाच्या किंवा प्रोसेसरच्या टीपीएममध्ये असते. ते बदललं की विंडोज पहिल्यांदा ती ४८ अंकांची की मागतं. ती नसेल, तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काही मिळत नाही. कोणीही, कितीही पैसे घेऊन ते काढून देऊ शकत नाही.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. वापरलेला बी ४५० बोर्ड घेतला आणि त्यावर नवा रायझन ५ ५६०० लावला. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. मॉनिटरची केबल बोर्डाच्या एचडीएमआयला आहे, ग्राफिक्स कार्ड पुढच्या महिन्यात घेणार आहे. विकणारा म्हणतो, त्याच्याकडे बोर्ड चालत होता.
– नांदेड

उत्तर : तो खरं बोलत असणार. तुझ्याकडे दोन अडचणी एकावर एक बसल्यात. पहिली म्हणजे ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. बोर्डावर एचडीएमआयचं भोक आहे, पण त्यातून चित्र पाठवणारं कोणी नाही. नावाच्या शेवटी ‘जी’ असतं, म्हणजे ५६००जी, तर चित्र आलं असतं. तेव्हा पुढच्या महिन्याची वाट बघू नकोस. मित्राचं कसलंही जुनं कार्ड एका संध्याकाळपुरतं माग.

कार्ड लावूनही पडदा काळा राहिला, तर दुसरी अडचण बायोसची, म्हणजे बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमची. बी ४५० आला २०१८ मध्ये, तुझा प्रोसेसर २०२२ मध्ये. सॉकेट तेच, एएम ४. पण जुन्या बायोसला हा प्रोसेसर माहीतच नाही. बोर्डाच्या मागच्या बाजूला ‘फ्लॅश बायोस’ किंवा ‘फ्लॅशबॅक’ लिहिलेलं बटण आहे का बघ. असेल तर प्रोसेसरशिवायही बायोस बदलतो. पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट कर, बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या नव्या बायोसच्या फाइलला मॅन्युअलमध्ये दिलंय तेच नाव दे, सांगितलेल्याच यूएसबी पोर्टमध्ये लाव, आणि एसएमपीएसची २४ पिनची व प्रोसेसरची ८ पिनची अशा दोन्ही केबल जोडलेल्या असू देत. दिवा लुकलुकत राहील. तो थांबेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. तुमच्याकडे दुपारी वीज जाते ना? मग हे यूपीएसवर कर किंवा रात्री उशिरा. अर्ध्यात वीज गेली तर बोर्ड खरंच डेड होऊ शकतो. बटण नसेल तर जुना रायझन असलेलं दुकान गाठ. तिथे तो लावून दहा-पंधरा मिनिटांत बायोस बदलून देतात.

आणि कूलर काढताना एक सांभाळ. एएम ४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळलेली असेल आणि तू कूलर सरळ वर ओढलास, तर लीव्हर बंद असूनही प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो. कूलर आधी डावी-उजवीकडे हळूहळू पिळायचा, मग उचलायचा.

प्रश्न : नवा बोर्ड बसवल्यापासून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की चुणचुण होते. अनवाणी असलो की जास्तच. बोर्ड शॉर्ट आहे का?
– चिपळूण

उत्तर : बोर्डाचा काही संबंध नाही. आधीही होत असणार. या वेळी झाकण उघडं ठेवून काम केलंत म्हणून लक्षात आलं.

एसएमपीएसच्या आत, वीज शिरते तिथे दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून पत्र्याकडे, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याकडे. विजेतला खरखराट अर्थिंगमध्ये सोडून देणं हे त्यांचं काम. अर्थिंगच नसेल तर पत्रा या दोघांच्या मध्ये लोंबकळतो आणि त्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट दिसतात. प्रवाह अगदी क्षीण, म्हणून नुसती चुणचुण. टेस्टर लावला तर दिवा लागेल आणि घरातले घाबरतील.

म्हणजे तुमच्या सॉकेटच्या तिसऱ्या, जाड भोकात काही पोचत नाही. किंवा मध्ये दोन पिनांचा कन्व्हर्टर आहे. तो आधी फेकून द्या. वायरमनला बोलवा आणि फेज व अर्थिंगच्या मध्ये साठ वॅटचा बल्ब लावून बघायला सांगा. हे तुम्ही स्वतः करायचं नाही. बल्ब पूर्ण उजेडात पेटला तर अर्थिंग ठीक. मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर अर्थिंग नावापुरतं आहे. घरात आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल आणि बल्ब लावताच तो खटकन पडला, तर घाबरू नका. अर्थिंग पोचतंय म्हणूनच तो पडला. अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात ठीक असतो, एप्रिल-मे महिन्यांत कोरडा पडतो, कोकणातही. त्यात पाणी घालायचं असतं, हे नव्या घरांत कोणाला माहीतच नसतं.

आणखी एक. अर्थिंग नसलेल्या मशीनला मॉनिटरची किंवा प्रिंटरची केबल चालू असताना लावू-काढू नका. चुणचुणीने तुम्हाला काही होणार नाही, पण पोर्ट जाऊ शकतो. तो गेला की मग बोर्डाला नावं ठेवाल.

प्रश्न : पूर्वीच्या मोठ्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये नवा मायक्रो-एटीएक्स बोर्ड बसवला. टेबलावर चालतो, कॅबिनेटमध्ये स्क्रू आवळले की बंद पडतो.
– अमरावती

उत्तर : टेबलावर आधी चालवून बघितलंत, फार चांगलं केलंत, निदान झालंच आहे. जुना बोर्ड उंचीला ३०५ मिलिमीटर होता, हा २४४ चा. जुन्या बोर्डासाठी ठोकलेल्या पितळी खुंट्यांपैकी एखादी आता नव्या बोर्डाच्या पोटाखाली, भोक नाही अशा जागी आली आहे आणि मागच्या झाळणीला टेकते आहे. बोर्ड काढा, भोकं मोजा, जास्तीच्या खुंट्या पक्कडीने काढा. मागच्या पोर्टांची पत्र्याची चौकट, म्हणजे आयओ शील्ड, तीही तपासा. तिची एखादी वाकडी जीभ लॅनच्या भोकात घुसलेली असते.

प्रश्न : मुलाने एलजीए १७०० चा बोर्ड आणला. बसवताना सॉकेटच्या काही पिना वाकल्या. दुकानदार वॉरंटी नाकारतोय. तो चूक आहे ना?
– ठाणे

उत्तर : नाही हो, ताई. या पत्रांतला हा एकच बोर्ड, जो खरंच बिघडला आहे. वाकलेल्या पिना वॉरंटीत बसत नाहीत. या सॉकेटमध्ये नावाप्रमाणे १७०० बारीक स्प्रिंगसारख्या पिना असतात. थोड्याच वाकल्या असतील तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे सूक्ष्मदर्शक असतो; तो सुईने सरळ करून देईल, जबाबदारी मात्र घेणार नाही. पुढचा बोर्ड घेताना दुकानातच सॉकेटवरची काळी प्लॅस्टिकची टोपी उघडून फोटो काढा आणि ती टोपी जपून ठेवा. वॉरंटीत बोर्ड पाठवायची वेळ आली, तर टोपीशिवाय तो घेत नाहीत.

प्रश्न : ३२०० ची रॅम घेतली, टास्क मॅनेजर २४०० दाखवतो. फसवणूक?
– जळगाव

उत्तर : नाही. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. त्यानंतर मशीन सुरू होईना, तर बंद करून प्लग काढा, बोर्डावरचा सीआर २०३२ सेल पाच मिनिटं काढून परत लावा. सेटिंग मूळपदावर येईल. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. डीडीआर ५ वाल्यांनो, पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं पडदा काळा राहतो. बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो. त्या वेळी बटण दाबून बंद करू नका.

प्रश्न : नवीन बोर्ड लावला. कॉम्प्युटर चालू होत नाही. काय करू?
– अकोला

उत्तर : पत्रात एवढंच आहे. बोर्ड कोणता, प्रोसेसर कोणता? पंखा फिरतो का? फिरत असेल तर बोर्डाच्या कडेला सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे आहेत का, आणि त्यातला कोणता लागून राहतो? प्रोसेसरजवळच्या ८ पिनच्या जागेत केबल आहे का, की ग्राफिक्स कार्डाची केबल तिथे घुसवायचा प्रयत्न झालाय? फोटो पाठवा, झाकण काढून.