चिपाड पुन्हा चरकात

प्रिय मित्रा,

तुझा मेल दोनदा वाचला. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा निकाल लागून सात आठवडे झाले, पेपर एकमध्ये अडीच गुणांनी हुकलं, रोज अभ्यासिकेत जातोस पण पान उलटत नाही, मेसमध्ये जाण्याऐवजी डबा रूमवर मागवतोस, मित्रांचा ग्रुप म्यूट करून ठेवलायस. ही सगळी माहिती पहिल्या सहा ओळींत येऊन गेली. पुढच्या चार पानांत ‘मी असा का आहे’ हा एकच प्रश्न कपडे बदलून येत राहतो, आणि त्या चार पानांत तुझ्याशिवाय दुसरं एकही माणूस नाही. मला खरी अडचण तिथं दिसते.

तू दिलेल्या त्या स्वभावचाचणीचं आधी संपवू. तिच्यात तू ‘आयएनएफपी’ या अंतर्मुख प्रकारातला निघालास आणि ‘लूप’मध्ये अडकलायस असं कुठंतरी वाचलंस. अंतर्मुख-बहिर्मुख ही विभागणी स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंगनं १९२१ साली मांडली. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी त्यावरून सोळा प्रकारांची चाचणी रचली. लूपची कल्पना युंगची नाही, ती नंतरच्या हौशी मंडळींत रुळली. ती म्हणते की अंतर्मुख माणसाच्या मनाची पहिली शक्ती, म्हणजे सगळ्यांत सवयीची रीत, आत वळलेली असते आणि दुसरी बाहेर. ताण आला की तो दुसरी सोडून देतो आणि तिसरीला धरतो. ही तिसरीही आतलीच. तुझ्या प्रकारात ‘मला हे पटतं का, मी खरा आहे का’ हा आतला कस आणि जुन्या आठवणी यांची जोडी जमते. बाहेर डोकावून नवी शक्यता शोधणं सुटतं.

चित्र म्हणून हे चांगलं आहे. शास्त्र म्हणून मात्र त्यावर घर बांधू नकोस. तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो, कारण अंतर्मुखता हा खण नसून पट्टी आहे आणि बहुतेक माणसं त्या पट्टीच्या मधल्या भागात असतात. तुझ्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. १९९९ साली ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल या संशोधकांनी स्वतःकडे बघण्याचे दोन प्रकार वेगळे काढले. एक कुतूहलातून येणारं चिंतन, दुसरं भीतीतून येणारं घोळणं. पहिल्याचं नातं नव्या अनुभवांबद्दलच्या मोकळेपणाशी निघालं, दुसऱ्याचं भावनिक अस्थिरतेशी. म्हणजे स्वतःत डोकावण्याची सवय सोडायची नाहीये. भीतीनं घोळण्याची सोडायची आहे.

आपल्याकडे ‘विचारांचं गुऱ्हाळ’ म्हणतात. खऱ्या गुऱ्हाळात निदान शेवटी गूळ निघतो. तू करतोस ते रस निघून गेलेलं चिपाड पुन्हा चरकात घालणं आहे. फरक ओळखायची सोपी खूण: वीस मिनिटं विचार केल्यावर हातात काय आलं? नवी माहिती, एखादा निर्णय किंवा पुढचं एक काम, या तिन्हीपैकी एकही नसेल तर ते चिपाड. तिथं उठायचं. खोल विचार चाललाय असं त्या क्षणी नक्की वाटेल. त्यावर विश्वास ठेवू नकोस, घोळण्यात तसंच वाटतं.

हे निरुपद्रवी नाही, याचा एक विलक्षण पुरावा आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सिमा यांनी विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि विचार करण्याची पद्धत नोंदवून ठेवली होती. दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, तिथं मोठा भूकंप झाला. त्यांनी त्याच मुलांना दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनी पुन्हा तपासलं. जी मुलं आधीपासून उदासी घोळत बसणारी होती, ती सात आठवड्यांनंतरही जास्त खिन्न होती, सुरुवातीची मनःस्थिती हिशेबात धरूनसुद्धा.

आता माणसं टाळण्याचा भाग, कारण चाक फिरतं ठेवणारं इंधन तेच आहे. ग्रुपवर कुणीतरी ‘कुठेस रे?’ विचारलं, तू उत्तर दिलं नाहीस. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही नाही. मग विचारणं थांबलं आणि तू निष्कर्ष काढलास की कुणालाच पडलेली नाही. पुरावा तूच तयार केलास आणि तूच न्यायनिवाडा केलास. शिवाय प्रत्येक वेळी मेसेज न उघडता फोन पालथा ठेवलास की दहा मिनिटं हायसं वाटतं. ते हायसं वाटणं हीच फसवी गोष्ट आहे, कारण टाळल्यावर बरं वाटतं हे मेंदू शिकतो आणि पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं. बाहेरून नवी माहिती येणं बंद, म्हणून आतले जुनेच तुकडे पुन्हा चरकात.

म्हणून दुरुस्ती दोन्ही टोकांनी करायची.

आतल्या टोकापासून सुरू कर. ‘का’ला ‘काय’ आणि ‘कसं’मध्ये उलटव. ‘मी नेहमी असा का कमी पडतो?’ याला उत्तर नसतं. ‘त्या पेपरात काय झालं?’ याला असतं. शंभर प्रश्न, दोनशे गुण, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा वजा. म्हणजे एक चुकलेलं उत्तर बरोबर असतं तर दोन मिळाले असते आणि अर्धा वाचला असता. अडीच गुण. सात आठवडे तू स्वतःच्या अख्ख्या स्वभावावर जो खटला चालवतोयस, तो एका प्रश्नाएवढा आहे. उत्तरतालिका घे आणि चुकलेल्या उत्तरांचे तीन ढीग कर: वाचलंच नव्हतं, वाचलं होतं पण गोंधळ झाला, अंदाजानं ठोकून दिलं. दोन तासांचं काम आहे. तिसरा ढीग सर्वांत मोठा निघाला तर प्रश्न चारित्र्याचा नाही, किती प्रश्न सोडून द्यायचे याच्या हिशेबाचा आहे.

दिवसभर डोक्यात जे येतं त्याला एक वेळ ठरवून दे. मानसशास्त्रज्ञ बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये काळजीसाठी रोज अर्ध्या तासाची ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा हा उपाय तपासला. आजही समुपदेशक तो देतात. तुझ्यासाठी साडेपाच ते सहा. जागा गच्ची किंवा बागेतला बाक. अंथरूण नाही आणि अभ्यासिकेतली खुर्ची तर मुळीच नाही, कारण ती खुर्ची आता घोळण्याचीच जागा झालीय. दिवसा विचार आला की खिशातल्या चिठ्ठीवर तीन शब्द लिही, ‘निकाल, बाबा, पैसे’ एवढेच. पूर्ण वाक्य लिहिलंस की गुऱ्हाळ सुरू. साडेपाचला एकेक शब्द घे: या आठवड्यात काही करता येतं का? येत असेल तर वार, वेळ, जागा लिही. नसेल तर एक ओळ लिहून पुढे जा. गजर वाजला की उठ, मधेच असलास तरी.

पहिल्या आठवड्यात विचार दिवसातून वीसदा परत येतील. त्यांना दाबू नकोस. मानसशास्त्रज्ञ वेगनर यांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. त्यांना ते जमलं नाहीच, वर नंतर मोकळीक दिल्यावर अस्वल जास्तच आलं. विचाराला ‘जा’ म्हणायचं नाही, ‘साडेपाचला ये’ म्हणायचं. बहुतेक साडेपाचला येतच नाहीत, आणि हे पहिल्यांदा घडतं तेव्हा जरा अपमान झाल्यासारखं वाटतं.

बाहेरच्या टोकाला तू हमखास चूक करणार ती आकाराची. ‘सोमवारपासून सगळ्यांना भेटेन, पहाटे उठेन, धावेन’ हे बुधवारी मोडतं आणि नवं चिपाड मिळतं. बरं वाटलं की बाहेर पडेन, हा क्रमही उलटा आहे. आधी पाय हलतात, मन मागून येतं, तेही रोज नाही. पहिला आठवडा: दिवसातलं एक जेवण मेसच्या टेबलावर. बोलायची सक्ती नाही, वीस मिनिटं बसायचं, फोन खिशात. दुसऱ्या आठवड्यापासून असं काहीतरी धर जिथं दुसरा माणूस तुझी वाट बघतोय. अभ्यासिकेतल्या नव्या मुलाला आठवड्यातून दोन संध्याकाळी चाळीस मिनिटं राज्यघटना शिकव. शिकवताना विचार तोंडातून बाहेर काढावाच लागतो आणि समोरच्याच्या कपाळावरची आठी तो लगेच तपासून देते. गर्दी, पार्टी, ट्रेक यांच्या वाटेला जाऊ नकोस. तुझ्या स्वभावाला एका वेळी एकच माणूस पुरतो.

प्रत्येक वेळी जाण्याआधी आकडा लिही, किती वाईट जाईल, शून्य ते दहा. आल्यावर प्रत्यक्ष किती गेलं ते. आठ-दहा नोंदी झाल्या की दोन रकान्यांतली तफावत तुझ्या अक्षरात तुझ्यासमोर असेल. माझ्या समजावण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त.

ग्रुपवर परतायचं कसं, हा प्रश्न पुढे येईलच. ग्रुपवर नको, एकाला लिही: ‘निकालानंतर गप्पच झालो होतो. कुणावर राग नव्हता. गुरुवारी सहाला चहा घेऊ?’ बास. लांबलचक खुलासा केलास तर समोरच्याला तुझंच सांत्वन करायचं ओझं होतं. ‘जमलं तर भेटू’ लिहिलंस तर कधीच जमत नाही. आणि रात्री बारानंतर पाठवू नकोस. उत्तर येईपर्यंतचे आठ तास तू काय करशील ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. गुरुवारी निकालावर दहा मिनिटं बोल, मग विषय बदल. दोन मित्र तासभर तेच दुःख उगाळत बसले तर मैत्री घट्ट होते, पण उदासीही वाढू शकते.

काही साधनं उलटतात. डायरी रात्री अकराला अंथरुणात लिहिलीस तर ती घोळण्याचीच वही होते. कानात इअरफोन घालून एकट्यानं चालणं पुष्कळदा चालता चरकच असतो. चालायचं तर रस्त्याकडे बघत. आणि स्वभावप्रकारांविषयी वाचणं महिनाभर बंद. ते वाचताना काम केल्यासारखं वाटतं, हीच त्याची खोड.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, म्हणून मीच विचारतो. झोप, भूक किंवा कशातही रस नसणं सलग दोन आठवडे टिकून असेल तर ही पथ्यं पुरणार नाहीत, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं लागेल. जगण्याचाच कंटाळा आल्याचा विचार एकदा जरी डोकावला असेल तर साडेपाचची वाट बघायची नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, विनामूल्य, मराठीत बोलता येतं. ही पथ्यं आणि उपचार, दोन्ही एकदम चालू शकतं. यातलं काहीही होत असेल तर मला आजच सांग.

हे पत्र पुन्हा पुन्हा वाचू नकोस. रविवारी उत्तर पाठव आणि चार पानं नकोत: मेसमध्ये किती वेळा जेवलास, आणि प्रत्येक वेळी अंदाज किती, प्रत्यक्ष किती. भाजी कोणती होती तेही लिहिलंस तर चालेल.

कळावे.