बालवर्गासाठी एक वर्ष थांबावं का?

प्रश्न : आमच्या मुलाचा वाढदिवस प्रवेशाच्या शेवटच्या तारखेला अगदी लागून येतो. वर्गात तो सर्वांत लहान ठरेल. एक वर्ष उशिरा घालावं का? शिवाय शाळा आत्तापासूनच निधीसाठी मदत मागते आहे.

उत्तर : मी बालवर्गाला शिकवते. या वयात दहा-अकरा महिन्यांचं अंतर खूप असतं. एक मूल सफाईने कात्री चालवतं, दुसरं बुटाचा बंद सुटला की रडवेलं होतं. दुसऱ्यात काही कमी असतं असं मुळीच नाही. वर्गातल्या वयाने लहान मुलांवर एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचा, शिक्का जास्त वेळा बसतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. मला ते फार लागतं. पण थांबल्याने अभ्यासात मिळणारी आघाडीही पुढच्या काही इयत्तांत बरीचशी ओसरते.

म्हणून नुसत्या तारखेवर जाऊ नका. तुम्ही नजरेआड झाल्यावर तो सावरतो का, शू लागली तर सांगतो का, ते बघा. बोलण्या-ऐकण्याबद्दल शंका असेल तर तपासणी लगेच करून घ्या. वाट पाहण्यात मदतच लांबते. आणि थांबवलंत, तर त्याला रोज इतर मुलांत खेळू द्या.

निधीचं म्हणाल तर पैसा कशासाठी लागतोय ते विचारा आणि झेपेल तेवढंच द्या. फाटलेली पुस्तकं चिकटवायला आलात तरी आम्हाला मोठी मदत होते. मात्र कुणाच्या घरून किती आले याचा तक्ता वर्गात लावला असेल, तर मुख्याध्यापकांना भेटून तो काढायला लावा.