वाचकांचे प्रश्न : प्रतिपालक घर सोडणाऱ्या तरुणांसाठी विणताना

प्रश्न : सप्रेम नमस्कार ताई. आमच्या विणकाम मंडळात अकरा जणी आहोत. आजवर आम्ही नवजात बाळांसाठी टोपडी आणि पायमोजे विणून देत आलो. प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे जन्मदात्या आईवडिलांऐवजी सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत, वाढलेली आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर एकट्याने राहायला निघालेली जी मुले-मुली असतात, त्यांच्यासाठी यंदा काही विणावे, असे ठरले आहे. फिकट गुलाबी आणि आकाशी लोकर बरीच शिल्लक आहे. तिची अस्वले आणि छोट्या शाली कराव्यात का?

उत्तर : तुमचे पत्र वाचून फार बरे वाटले, कारण बाळांसाठी विणणारे हात पुष्कळ असतात आणि या मुलांची आठवण मात्र क्वचितच कोणाला होते. तरीही ती गुलाबी लोकर पुढच्या टोपड्यांसाठीच ठेवा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेत साधारणपणे 18 वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि अनेक देशांत प्रतिपालनाची व्यवस्थाही त्याच वयाला येऊन थांबते. काही ठिकाणी ती आणखी दोन-तीन वर्षे वाढवून मिळते, एवढेच. म्हणजे ज्या वाढदिवशी इतरांच्या घरी फक्त कौतुक होते, त्याच सुमारास या मुलाला भाडे, बँकेचे खाते, आजारपण आणि स्वयंपाक हे सगळे एकदम स्वतःच्या अंगावर घ्यावे लागते. तुम्ही ज्याच्यासाठी विणणार आहात तो कामावर किंवा महाविद्यालयात जाणारा मोठा माणूस आहे, आणि भेटीची पिशवी उघडल्यावर आपल्याला कोणीतरी मोठे मानले आहे, हे त्याला जाणवले पाहिजे.

म्हणून मफलर, टोपी आणि पांघरूण या तीनच वस्तूंवर भर द्या. मफलर 18 सेंटिमीटर रुंद आणि निदान 160 सेंटिमीटर लांब असावा. त्याहून आखूड मफलर मोठ्या माणसाच्या गळ्याभोवती एक वेढा घेऊन संपतो. नवशिक्या मैत्रिणींना सगळ्या ओळी सुलट विणायला सांगा, कारण एक ओळ सुलट आणि एक उलट असे विणले की कडा आत वळतात आणि मफलरची सुरळी होते. टोपीसाठी मात्र दोन सुलट, दोन उलट अशी वीण घ्या. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण 54 ते 58 सेंटिमीटर असतो आणि ताणल्यावर ही वीण त्यातल्या कोणालाही बसते. टोपीचा घेर डोक्याच्या घेरापेक्षा चार-पाच सेंटिमीटरनी कमी ठेवला म्हणजे ती कपाळावरून घसरत नाही. गडद निळा, राखाडी, बाटलीसारखा हिरवा, काळपट लाल हे रंग बहुतेकांना चालतात. शक्य असेल तर या मुलांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेमार्फत आवडीचा रंग विचारून घ्या. कोणत्या घरी राहायचे, कोणत्या शाळेत जायचे, हे ज्यांच्यासाठी वर्षानुवर्षे दुसऱ्यांनी ठरवले, त्यांना रंगाची एवढीशी निवडसुद्धा मोलाची असते.

प्रश्न : भेटवस्तू द्यायची तर उत्तम शुद्ध लोकरच वापरावी, असे माझे मत आहे, मंडळातल्या काही जणी अ‍ॅक्रिलिकचा आग्रह धरतात. आपला सल्ला काय?

उत्तर : काही वर्षांपूर्वी मीही तुमच्याच मताची होते. त्या वेळी एका तरुणासाठी मी तीन महिने खपून शुद्ध लोकरीचा स्वेटर विणला होता. पुढे भेट झाली तेव्हा त्याने तो पिशवीतून काढून माझ्या हातात दिला. सामाईक यंत्रात बाकीच्या कपड्यांबरोबर गरम पाण्यात धुतल्यामुळे तो आटून आठ वर्षांच्या मुलाच्या अंगाचा झाला होता, टाके एकमेकांत मिसळून नमद्यासारखे घट्ट झाले होते, आणि तो मुलगा माझी क्षमा मागत होता. चूक त्याची मुळीच नव्हती. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. ज्याच्याकडे कपडे वेगळे धुवायला वेळ नाही, बादली नाही आणि वाळत घालायला जागाही नाही, त्याला हाताने धुवायची वस्तू देणे म्हणजे त्याच्यावर एक जबाबदारी टाकणे होय, हे मला त्या दिवशी कळले.

यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर मिळत असेल तर ती अवश्य घ्या. तिच्यावरचे खवले बोथट केलेले असतात. नाहीतर चांगल्या प्रतीचे अ‍ॅक्रिलिक किंवा लोकर-अ‍ॅक्रिलिकचे मिश्र सूत घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका, कारण त्याचा फुगीरपणा जातो तो कायमचा. गळ्याशी येणारे सूत घेण्याआधी स्वतःच्या मानेला दोन मिनिटे लावून पाहा. साधारण 30 मायक्रॉनहून जाड तंतू त्वचेला टोचतात आणि हाताच्या तळव्याला ते कळत नाही.

प्रश्न : सोबत चिठ्ठी ठेवायची आहे. काय लिहावे?

उत्तर : थोडे लिहा. वस्तू कोणी विणली (फक्त पहिले नाव), कशाची आहे, कशी धुवायची, आणि नव्या घरासाठी शुभेच्छा. ‘तुझ्या दुःखाची आम्हाला कल्पना आहे’, ‘तू आता अनाथ नाहीस’ अशी वाक्ये कितीही मायेने लिहिली तरी टाळावीत. यांतल्या अनेकांचे आईवडील हयात असतात, काहींचे प्रतिपालक कुटुंबाशी नाते घर सोडल्यावरही टिकते, आणि कोणाच्या मनात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते. उत्तराची किंवा छायाचित्राची अपेक्षा चिठ्ठीत चुकूनही व्यक्त करू नका.

प्रश्न : या मुलांना खरी गरज पैशांची आणि निवाऱ्याची असते. अशा वेळी मफलर विणत बसणे हे आपल्याच समाधानासाठी नाही का?

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि प्रत्येक मंडळाने तो स्वतःला विचारावा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2009 मध्ये पर्यायी संगोपनाविषयीची, म्हणजे आईवडिलांपासून दूर वाढणाऱ्या मुलांच्या सांभाळाविषयीची, मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. मुलाने बाहेर पडण्याच्या बऱ्याच आधीपासून त्याची तयारी करून घ्यावी, बाहेर पडल्यावरही त्याला आधार मिळत राहावा आणि शक्यतो एका जाणत्या व्यक्तीवर त्याची जबाबदारी असावी, असे त्यांत सांगितले आहे. ही कामे मफलरने होत नाहीत. म्हणून माझे मत असे की, मंडळाने आधी संस्थेला काय हवे ते विचारावे, आणि तिने भांडी, चादरी किंवा रोख रक्कम मागितली तर विणलेल्या वस्तू विकून तेवढी रक्कम उभी करावी.

पण विणलेल्या वस्तूलाही तिची जागा आहे, असे मी अनुभवाने सांगते. प्रतिपालनातल्या कितीतरी मुलांनी आपले सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबून एका घरातून दुसऱ्या घरात नेलेले असते, आणि त्या प्रत्येक स्थलांतरात काही ना काही मागे राहून जाते. नव्या खोलीत पहिल्या रात्री आपलेच म्हणता येईल असे पांघरूण असणे ही त्यांच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

प्रश्न : पांघरूण सगळ्यांनी मिळून विणायचे आहे, पण प्रत्येकीचा हात वेगळा, कोणाचे टाके घट्ट, कोणाचे सैल. जोडताना तुकडे जुळतील का?

उत्तर : टाक्यांची संख्या ठरवून दिलीत तर जुळणार नाहीत; माप ठरवून द्या. सर्वांनी एकाच जाडीचे सूत घ्यावे, 4 मिलिमीटरच्या सुईवर आधी नमुना विणून 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे, आणि त्यानुसार 20 सेंटिमीटरच्या चौकोनासाठी स्वतःचे टाके काढावेत. ज्यांचा हात घट्ट आहे त्यांनी जाड सुई घ्यावी. आडवे सहा आणि उभे आठ असे 48 चौकोन जोडले की 120 बाय 160 सेंटिमीटरचे पांघरूण होते. जोडण्यापूर्वी सगळे चौकोन ओले करून एकाच मापात टाचण्यांनी ताणून वाळवा. सुताची टोके गाठ मारून कापू नका. बोथट सुईने ती निदान पाच सेंटिमीटर आत ओवून पुन्हा उलट दिशेने परत आणा, म्हणजे कितीही धुतले तरी ती सुटून बाहेर येणार नाहीत.